लेकीचा गालिचा, पाटीची शाई

झारिया गावच्या मालम, म्हणजे गुरुजी, टंकोंनी चाळीस वर्षं मुलांना लाकडी पाट्यांवर लिहायला शिकवलं, पण शाईचा थेंब कधी सांडला नाही. तो सगळा अनुशेष त्यांनी गुरुवारी सकाळी एका दमात भरून काढला. तोही लेकीच्या गालिच्यावर.

गालिचा बिल्कीसूच्या रुखवतातला. घड्या मोडाव्यात म्हणून बायकोनं, लादीनं, तो बाहेरच्या खोलीत अंथरला आणि ती बाजारात गेली. दुपारी तो नवऱ्या मुलाच्या घरी नेऊन मांडायचा होता, आणि तिकडच्या बायका रुखवत नुसतं बघत नाहीत, तपासतात. दुधी गालिच्यावर मधोमध लवंडलेली दऊत बघून मालम स्वयंपाकघराकडे धावले.

त्यांनी लिंबू पिळलं. मीठ टाकलं. दूध ओतलं. शेवटी कपाटातलं स्पिरिट. तळहाताएवढा डाग परातीएवढा झाला.

तेवढ्यात मामेबहीण टल्ले आली. त्या मुलखात मामे-आतेभावंडांनी एकमेकांची यथेच्छ टिंगल करावी, आणि कुणी रागवू नये, असा रिवाज. टल्लेनं तो व्रतासारखा पाळला होता.

"काय रे टंको, गालिच्याची कोशिंबीर करतोयस?"

"शाई सांडली. लादी आली की माझं संपलं."

"कुठली शाई?"

"पाटीची. काजळी आणि डिंकाची."

"आणि पाटी कशानं धुतोस?"

"पाण्यानं," मालम म्हणाले, आणि थांबले. मग जरा सावरून म्हणाले, "पण पाटी लाकडाची असते."

"असते. तुझं डोकंही."

रागवायची सोय नव्हती. मालम मुकाट्यानं बादली घेऊन आले.

"चोळू नकोस, टीप. कडेकडून आत ये."

स्पिरिटनं डिंक घट्ट करून ठेवला होता, म्हणून तास गेला. पण डाग राखाडी झाला, फिका झाला, दिसेनासा झाला. उरला फक्त भलाथोरला ओलावा. आणि दारात लादी.

"मालम, हा ओला कशानं झाला?"



"रडला गं," टल्ले म्हणाली. "लेक चालली म्हणून. मी आले तेव्हा पालथा पडला होता."

"एवढं?"

"बरंच साठलेलं होतं."

"आणि लिंबाचा वास?"

"चक्कर आली त्याला. हुंगायला दिलं."

लादीनं ओल्या जागेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ती आत गेली आणि बिल्कीसूला घेऊन आली. लेक बापापुढे गुडघ्यांवर बसली, त्यांचे काळवंडलेले हात हातात घेतले आणि "बाबा" एवढंच म्हणाली.

मालमांनी मदतीसाठी टल्लेकडे बघितलं. ती छत निरखत होती. मग मात्र त्यांच्या डोळ्यांतून खरंच घळाघळा पाणी वाहू लागलं.

"जरा बाजूला सरकून रडा," लादी हळूच म्हणाली. "दुपारपर्यंत वाळायला हवा."