त्या हाताने नाही

मागच्या अंगणातल्या तुतीची एक जाड फांदी गेल्या वर्षी वाऱ्याने मोडली, तेव्हा मुंगीच्या आजोबांनी ती जळणात जाऊ दिली नाही. उभी चिरली, वाळताना तडकू नये म्हणून दोन्ही टोकांना रंग फासला आणि कारखान्याच्या आढ्याला सुतळीने टांगून ठेवली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "असू दे. तिच्या मनात काय व्हायचंय ते अजून ठरलेलं नाही."

कारखाना म्हणजे तरी काय, घराला चिकटून पत्र्याची एक लांबोडकी खोली. आजोबा सुतार. चाळीस वर्षं लोकांची दारं-खिडक्या करून झाल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, तशी मोठी कामं त्यांनी सोडली. आता एखादं स्टूल, एखादं फडताळ, कोणाच्या खुर्चीचा मोडका पाय. आणि दुपारी मुंगी.

मुंगी आठ वर्षांची. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. घरात ते कोणी वापरत नसे. चालायला लागल्यापासून ती स्वतःपेक्षा मोठी वस्तू उचलून कुठेतरी नेत असायची, म्हणून मुंगी. तिची आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती, भिंगं बसवणं, काड्या सरळ करणं. चार वाजता सुटायची. तोवर शाळेतून सुटलेली मुंगी आजोबांकडे, भुशात मांडी घालून.

"आजोबा, ते वर टांगलेलं लाकूड वाकतं का?" तिने एक दिवस विचारलं.

आजोबांनी कानामागची पेन्सिल काढली, लाकडाकडे पाहिलं, पेन्सिल परत ठेवली. "वाकतं. आणि सोडलं की सरळ होतं. ज्याला दोन्ही येतं त्याचं धनुष्य होतं."

झालं. दुसऱ्या दिवशी लाकूड खाली आलं.

त्यानंतर तीन आठवडे घरात जेवताना दुसरा विषय नव्हता. "आई, धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. पाठीला सुरा लावायचा नाही, नुसती साल सोलायची. तिथला एक जरी धागा तुटला ना, तर ओढताना फटकन मोडतं. काढायचं ते सगळं पोटाचं काढायचं."

"मग तुझ्या बाबांचं धनुष्य करायला हरकत नाही," आई म्हणाली.

बाबांनी पोट आत ओढलं आणि आणखी एक पोळी मागितली.

पोटाचं लाकूड आधी सुऱ्याने निघालं, मग रंध्याने, मग कानशीने, आणि शेवटी फुटलेल्या बाटलीच्या काचेने, कुरळे केस निघावेत तसं. धनुष्य भिंतीतल्या खुंटीवर आडवं टेकवायचं, दोरी बांधून हळूहळू खाली ओढायची, आणि मुंगीने दाराशी बसून सांगायचं, दोन बाजूंपैकी कुठली कमी वाकते. "डावीकडची आजोबा! नाही नाही, उजवीकडची." जी ताठ, तिचंच लाकूड काढायचं. नमणाऱ्या बाजूला हात लावायचा नाही. त्यातही खालची बाजू केसभर ताठ ठेवायची, कारण धरायची मूठ तिच्याकडे सरकलेली येते. हे सगळं मुंगी आईला पाठ म्हणून दाखवत असे, आणि मुंगीची आई ऐकता ऐकता मनात आपल्या वडिलांना म्हणत असे, माझ्या वेळी मला कुठे एवढं सांगायचात.

बाणसुद्धा झाले. सहा. बोटाएवढ्या जाडीच्या सरळ काड्या, प्रत्येकीला तीन पिसं, दोन पांढरी आणि एक करडं, करडं नेहमी बाहेरच्या अंगाला. टोकाला लोखंड नाही. शाळेतले खोडरबर कापून, भोक पाडून बसवलेले. "कोणाला लागला तर जखम होणार नाही," आजोबा म्हणाले, "उलट चूक असेल तर पुसली जाईल." या विनोदावर ते स्वतःच दोन दिवस हसत होते.

त्या बुधवारी मुंगीची आई चारच्या सुमारास कारखान्याशी आली, तेव्हा दोघं मागच्या अंगणात होती. भिंतीला टेकवून भुशाचं पोतं उभं केलं होतं. मुंगीच्या हातात धनुष्य, मागे आजोबा.

"त्या हाताने नाही, बाळ," आजोबा म्हणत होते. "ह्या हाताने ओढ. त्याने धर, ह्याने ओढ."

मुंगीची आई दारातच थांबली.

आवाज तोच होता. मऊ, घाई नसलेला. चमचा उचलला की, पेन्सिल धरली की, चेंडू फेकला की तिने तो लहानपणी ऐकलेला. त्या हाताने नाही, बाळ. वडील कधी ओरडले नाहीत, कधी हात उगारला नाही. रागावले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. ते फक्त तिच्या डाव्या हातातली वस्तू काढून उजव्या हातात ठेवायचे, वर्षानुवर्षं, दिवसातून वीसदा. शाळेत जाईपर्यंत ती उजवी झाली होती. आणि मुंगी जन्मापासून डावखुरी. ती पहिल्यांदा डाव्या हाताने खुळखुळा ओढून घेताना दिसली, तेव्हाच तिच्या आईने मनाशी ठरवलं होतं: हिचा हात कोणी बदलायचा नाही.

बाण पोत्याच्या पार शेजारून गेला. "सवयीने येईल," आजोबा म्हणाले.

तिने धनुष्य पाहायला म्हणून हातात घेतलं. देखणं झालं होतं, प्रश्नच नाही. मुठीच्या वर बाण टेकायला करंगळीच्या टोकाएवढी गोल खोबण होती, घासून गुळगुळीत केलेली. डाव्या अंगाला. उजव्या हाताने ओढणाऱ्यासाठी. सहा महिने लाकडाच्या मनात काय आहे याची वाट पाहणाऱ्या माणसाला, समोर बसलेल्या नातीचा हात दिसला नव्हता.

तिने धनुष्य मुंगीच्या हातात परत दिलं. वडिलांसमोर बोलायची तिला सवय नव्हती.

घरी येऊन तिने चहा टाकला आणि मागे वळून पाहिलं. मुंगी गृहपाठाला बसली होती. जीभ बाहेर, मान वाकडी, पेन्सिल उजव्या हातात. वहीतली अक्षरं वारं लागल्यासारखी एका बाजूला कलली होती. आणि डावा हात तिने मांडीखाली घालून त्यावर बसकण मारली होती, मध्येच उठून यायला नको म्हणून.

ही युक्ती तिला कोणी शिकवली नव्हती. तिच्या आईलाही कोणी शिकवली नव्हती.

"हे काय गं?"

"सवय करतेय. मग बाण सरळ जाईल, आणि आजोबांना वाईट वाटणार नाही."

चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून दोन तास आधी सुट्टी घेतली. शाळा सुटायला अवकाश होता. आजोबा बाकावर धनुष्याला जवसाचं तेल चोळत होते. तिला पाहून त्यांनी चष्मा काढला. "बरी आलीस. ही काडी पुन्हा ढिली झालीये, खाली वाकलं की चष्मा भुशात."

तिने पर्समधून छोटा पेचकस काढला. वडिलांचा चष्मा दुरुस्त करताना ती दरवेळी जरा पाठमोरी व्हायची. इतक्या वर्षांत तिचं तिलाही ते जाणवलं नव्हतं. आज ती समोरच उभी राहिली. उजव्या हातात चष्मा धरला आणि डाव्या हाताने स्क्रू पिळला. दोन वेढे. मग दुसऱ्या बाजूचा.

वडील बघत होते.

"दुकानात असंच करतेस?"

"असंच. बारीक काम त्या हाताला जास्त येतं. लिहिते उजव्याने."

"अक्षर मोत्यासारखं आहे तुझं."

"आहे. पण बाबा, मुंगी काल हातावर बसून लिहीत होती. डाव्या हातावर. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." तिने चष्मा त्यांच्यापुढे ठेवला. "तिचा हात बदलू नका."

वडिलांनी तेलाचा फडका घडी केला, उलगडला. "मी काय वाईट केलं गं तुझं? करवत, रंधा, पटाशी, सगळी हत्यारं उजव्या माणसांची. माझ्या जोडीला एक डावरा होता यंत्रावर. दोन बोटं गेली त्याची. तू सारखी इथे घुटमळायचीस. झोपलीस की मी तुझी बोटं मोजायचो. मूर्खासारखा. दहा आहेत ना बघायचो." मग जरा चढ्या आवाजात, "आणि विचार तुझ्या भावाला. मी तुम्हा दोघांत कधी डावं-उजवं केलं नाही."

"आमच्या दोघांत नाही केलंत," ती म्हणाली. "माझ्या दोन हातांत केलंत."

पत्र्यावरून एक कावळा पावलं वाजवत गेला. वडिलांनी चष्मा घातला, पुन्हा काढला, आणि "काडी बसली नीट," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी मुंगी आली ती रडवेली. धनुष्य खुंटीवर होतं आणि आजोबांनी हात लावू दिला नव्हता. "ते माझ्यावर रागावलेत. मला येत नाही म्हणून."

"नाही गं, माझ्यावर रागावले असतील," आई म्हणाली, आणि रात्रभर तिला तेच टोचत राहिलं. बोटं मोजणाऱ्या माणसाला काय बोलून बसलो आपण. पण मागे घ्यावं असं एक वाक्य काही तिला त्यात सापडेना.

रविवारी सकाळीच फोन. "दोघी या. आणि येताना खोडरबर आणा, बाणाचं एक पडलंय."

त्या पोचल्या तेव्हा आजोबा अंगणात होते, शर्टाला काचेने खरवडलेल्या लाकडाचे कुरळे केस चिकटलेले. त्यांनी धनुष्य मुंगीसमोर उभं धरलं.

"काय बदललंय सांग."

मुंगीने पाहिलं. बोटाने खोबण चाचपली. "ही ह्या बाजूला आली! नवी केली?"

"नवी कशाला? उलटं केलं. वरचं टोक खाली. खोबण आपोआप तुझ्या हाताकडे आली. खोबणीच्या दोन्हीकडे मूठ लांब ठेवली होती, म्हणून जमलं." ते मुंगीशी बोलत होते, पण बघत होते तिच्या आईकडे. "फक्त खालची ताठ बाजू वर आली. ती गप नमायला तयार नव्हती. दोन दिवस खरवडत होतो."

"मग जोर कमी झाला असेल," मुंगीची आई म्हणाली. एवढं ऐकून ऐकून तिलाही कळायला लागलं होतं.

"झाला थोडा. काही बिघडत नाही."

मुंगीने धनुष्य उजव्या हातात धरलं, डाव्याने ओढलं आणि सोडलं. बाण पोत्याच्या कोपऱ्यात थपकन बसला आणि खाली पडला. दुसरा त्याच्याही आत. तिसरा कडेला ठेवलेल्या बादलीवर. बादली वाजली तशी मुंगी आनंदाने किंचाळली आणि सगळे बाण गोळा करायला धावली.

"तू ओढून बघ एकदा," आजोबा लेकीला म्हणाले.

"मी? काहीतरीच काय!"

"बघ तर. कानापर्यंत ओढू नकोस मात्र, पोरीच्या मापाचं आहे. छातीपर्यंत पुरे."

मुंगीने बाण आणून दिला. तिच्या आईने पदर खोचला, धनुष्य डाव्या हातात धरलं, बाण लावला, उजव्या हाताने दोरी ओढायला लागली. बाण टेकेना. खोबण पलीकडच्या अंगाला होती; बाण घसरून तिच्या पायावर पडला. तिने उचलला, पुन्हा तसाच लावला, पुन्हा पडला. मुंगी तोंड दाबून हसत होती.

"अगं," मागून वडिलांचा आवाज आला, मऊ, घाई नसलेला, "त्या हाताने नाही, बाळ."

ती थांबली. मग तिने धनुष्य उजव्या हातात घेतलं. डाव्या हाताची बोटं दोरीवर गेली आणि तिथे अशी बसली, जणू रोज बसत होती. करडं पीस बाहेरच्या अंगाला आहे की नाही ते तिने पाहिलं. छातीपर्यंत ओढलं. तुतीच्या दोन्ही बाजू सारख्या वाकल्या.

बाण पोत्यावरून गेला, भिंतीवरून गेला आणि शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन पडला.

"मी आणते!" म्हणत मुंगी पळाली.

"सवयीने येईल," आजोबा म्हणाले, आणि दुसरा बाण पुढे करताना त्यांनी तो लेकीच्या डाव्या हातात ठेवला.