बशीभर ‘खराब’

माझे दात पाचच, मित्रांनो, पण पाचही अजून शाबूत आहेत! मी जॅकरँडाच्या लाकडाचा कंगवा. पारागुआसू नदीकाठच्या काशोएरा गावात आद्रोआल्दो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला कोरले. माझे दात त्याने लांब आणि एकमेकांपासून दूर ठेवले, कारण आमच्या गावातल्या बहुतेक डोक्यांवर दाट, घट्ट वेटोळ्यांचे केस. बारीक दातांचा कंगवा त्यात शिरला, तर मोडूनच बाहेर येतो.

वाल्देलिसे मावशींनी मला त्यांच्या केसांच्या दुकानासाठी विकत घेतले. तिथे खरा मान लोखंडी कंगव्याचा. तो गॅसवर तापायचा, तेल लावलेल्या केसांतून फिरायचा, चर्रर्र आवाज व्हायचा आणि वेटोळी सरळ व्हायची. त्याआधी गुंता सोडवणे एवढेच माझे काम. खुर्चीत बसता बसता बायका म्हणायच्या, “घे ताई, माझे खराब केस तुझ्या हवाली!” आणि मावशी हसून म्हणायच्या, “असल्या खराब केसांवरच तर माझं पोट चालतं गं!” कोणी रागाने म्हणत नसे. आज उकडतंय म्हणावे, तितक्या सहज म्हणत. खरे सांगतो, मलाही त्यात काही वावगे वाटत नसे.

मावशींची दहा वर्षांची भाची जुसियारा त्यांच्याकडेच राहायची. रोज सकाळी मी तिच्या केसांतून फिरायचो, तेव्हा ते ढगासारखे फुलून यायचे. एका जूनमध्ये, सां जुआंवचा, म्हणजे शेकोट्या, मका आणि लुटुपुटीच्या लग्नाच्या नाचाचा सण तोंडावर आला असताना, ती शाळेतून धावतच आली.

“मावशी! नाचातली नवरी मी! मीच नवरी!”

मावशींनी तिला उचलूनच घेतले. मग ती हळूच म्हणाली, “नोएलिया बाई म्हणाल्या, केस तेवढे सरळ करून ये. खराब केसांवर नवरीचं कापड नीट बसत नाही.”

“मग करू की! शनिवारी करू.”

जुसियाराचा हात आपोआप कानामागे गेला. मागच्या वर्षी लोखंडी कंगव्याने तिथे भाजले होते. “पण मावशी, खराब म्हणजे काय झालंय त्यांना? कीड लागलीय?”

गप्पा मारायला आलेल्या शेजारच्या इल्देते फिसकन हसल्या. “अगं, बोलायची रीत आहे ती. शब्दाने काय कुणाची कातडी सोलवटते का?”

शनिवारी सणाची गर्दी उसळली, तेव्हा पोरगी दाराशी मक्याची कणसे सोलत बसली. शेजारी एक बशी. मावशींच्या हातातून मी सारे बघत होतो. दुकानात कोणी ‘खराब’ म्हटले, की ती एक दाणा बशीत टाकायची. टक्. पुन्हा टक्. दुपारी औषधाच्या दुकानदाराची गोरी बायको आली. तिचे केस पातळ, चपटे, आणि मूठ-मूठ गळत होते. मावशी म्हणाल्या, “फार नाजूक आहेत हो तुमचे केस.” जुसियाराचा हात बशीवर तसाच थांबला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मित्रांनो!

संध्याकाळ व्हायच्या आत गिऱ्हाईक संपले. “ये, बस. कंगवा तापलाय,” मावशी म्हणाल्या. जुसियाराने बशी त्यांच्या हातात दिली.

“हे गं काय?”

“आज जितक्यांदा ‘खराब’ म्हटलं, तितके दाणे. त्रेचाळीस. औषधवाल्या बाईंसाठी एकही नाही. त्यांचे गळतायत तरी नाजूक, आणि आपले धडधाकट असून खराब!”

“माझे किती गं?” त्या दिवशीही गप्पांना आलेल्या इल्देतेंनी थट्टेने विचारले.

“चार.”

“आणि माझे?” मावशींनी विचारले.

“एकतीस.”

मावशींनी गॅस बंद केला.

“पण ताई, आपल्या मनात काही वाईट नसतं ना,” इल्देते म्हणाल्या.

“मनात नसतं, म्हणून तर तोंडात इतकं सहज येतं. ज्या गोऱ्यांनी आपल्या पणज्यांना गुलाम म्हणून बाजारात उभं करून विकलं, त्यांनी शिकवला हा शब्द. आणि आपण तो घरात घेऊन पोसला.”

सोमवारी मावशी जुसियाराला घेऊन शाळेत गेल्या. मी त्यांच्या पिशवीत होतो. नोएलिया बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. “अहो, पण मी प्रेमानेच म्हटलं होतं!”

“मीही प्रेमानेच म्हणत आले, बाई. चाळीस वर्षं! म्हणून भांडायला नाही आले. पण हिचे केस सरळ होणार नाहीत आणि नवरी हीच होणार.”

बाईंनी हळूच विचारले, “मग कापड बसवायचं कसं?”

“ते माझ्यावर सोडा!”

आणि काय सांगू, मित्रांनो, ते माझ्यावर आले! सणाच्या दुपारी शाळेच्या अंगणात अकॉर्डियन घुमू लागले, ढोल धडाडू लागला, आणि त्या फुललेल्या केसांत, पांढरे कापड पाचही दातांत घट्ट धरून, सगळ्यांच्या वर मी! गिरकी, उडी, पुन्हा गिरकी! नवरदेवाची गवती टोपी दोनदा उडाली, माझे कापड तसूभर हलले नाही. “अहो, बघा माझी पोर!” मावशी ओरडत होत्या, आणि इल्देते शिट्या वाजवत होत्या.

लोखंडी कंगवा अजून दुकानात आहे. ज्यांना सरळ केस हवेत, त्यांना मावशी करून देतात, ती ज्याची त्याची हौस. पण पुढच्याच आठवड्यात इल्देते खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “घे ताई, माझे हे ख—” आणि थबकल्या. आरशात स्वतःकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझे हे दाट, हट्टी केस. आज मोकळेच विंचर.”

मित्रांनो, आता माझी मूठ झिजत चालली आहे. मला तेल लावून जपा, असे मी म्हणणार नाही, मावशी जपतात. मागणे एवढेच आहे. कुरळे, सरळ, दाट, पातळ ही केसांची नावे झाली. ‘खराब’ हे नाव नव्हे. केसांना नाव द्या, मित्रांनो. नावे ठेवू नका.