नानखटाईच्या डब्यातल्या गोळ्या

मित्रांनो, मी नानखटाईचा एक जुना डबा आहे. सुरतेला भेस्तानमध्ये एका भाड्याच्या खोलीत, स्टोव्हच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. नाव नानखटाईचे असले तरी ती माझ्यात जेमतेम आठवडाभर टिकली. पुढचे सगळे आयुष्य मी लोकांच्या दुखण्यातून उरलेल्या गोळ्या पोटात घेऊन काढले आहे.

तसा मी चांगल्या घरचा. पत्र्याच्या कारखान्यात मला कापले, वाकवले, कडा दुमडल्या आणि झाकणावर दोन पांढरी बदके छापली. मग बेकरीत माझ्यात तुपाची, वेलचीची नानखटाई भरली. त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होतो. एक्क्याण्णवच्या दिवाळीत एका शेठने आपल्या पावरलूमच्या कारागिरांना एकेक डबा वाटला आणि मी मगनच्या वाट्याला आलो.

मगन खानदेशातल्या शिरपूरकडचा. जवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात तो लूम चालवायचा. त्याची बायको धुरपदाबाई घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायची. गायत्री, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा रांगत होती. नानखटाई संपल्यावर तिने माझ्या एका बदकाचा डोळा नखाने खरवडून काढला. मला राग आला होता, पण तान्ह्या पोरीवर किती वेळ रुसणार?

धुरपदाबाईच्या हातून काही वाया जात नसे. कापलेल्या धाग्यांची ती उशी भरायची. एकदा मगनला ताप आला, दोन दिवसांत उतरला आणि गोळ्या उरल्या. त्या तिने माझ्यात टाकल्या.

"फेकू नको, कामले येस," मगन म्हणाला.

झाले! तिथून माझा धंदाच बदलला. शेजारपाजारच्या बायका आपापल्या घरात उरलेल्या गोळ्या आणून देऊ लागल्या आणि कुणाचे डोके धरले, पोट बिघडले, की आमच्याच दारात येऊ लागल्या. धुरपदाबाईला वाचता येत नव्हते. तिने रंगांवरून हिशेब बसवला होता. "लाल गोयी खोकलानी, पांढरी गोयी तापनी," असे ती ठामपणे सांगायची. औषधाच्या दुकानात पाकीट कातरीने कापून देतात, तेव्हा मुदत संपायच्या तारखेचा तुकडा बहुधा दुकानातच राहतो. त्यामुळे जिला वाचता येत होते तिलाही काही कळले नसते. तरी निम्म्याहून अधिक माणसे आपसूक बरी व्हायची आणि श्रेय मला मिळायचे. शेजारचा वाल्मिक, मगनचा जोडीदार, मला गमतीने डाक्टरसाहेब म्हणायचा. मला ते फार आवडायचे.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची दहशत पसरली आणि माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. मगनने एका हाताने गायत्रीला धरले आणि दुसऱ्या हाताने मला. स्टेशनवरच्या रेटारेटीत मी त्याच्या हातून सुटलो आणि कुणाच्या तरी पायाखाली चेपलो. तेव्हापासून माझे झाकण नीट बसत नाही. बसले की निघत नाही. परत आल्यावर धुरपदाबाई ते चमच्याच्या दांड्याने उचकटू लागली, मी करकर आवाज करायचो आणि गायत्री खुदकन हसायची.

पुढे दोन वर्षांनी मगनला खोकला लागला. आधी त्याला लाल गोळी दिली, मग दुसरी लाल गोळी, मग कुणीतरी आणून दिलेल्या पिवळ्या. माझ्यातले सगळे रंग संपले, खोकला संपेना. संध्याकाळी अंगात कणकण असायची आणि त्याची विजार कमरेवर ठरत नव्हती. तरी तो डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. एक दिवस खाडा झाला की त्याचे लूम दुसऱ्याच्या हाती जात, आणि डॉक्टरची फी वेगळीच. शेवटी थुंकीत रक्त दिसले, तेव्हा वाल्मिकने त्याला ओढतच एका खासगी डॉक्टरकडे नेले. मगनला टीबी झाला होता.

गोळ्या महाग होत्या आणि कित्येक महिने घ्यायच्या होत्या. गुजराती डॉक्टर काय म्हणाले ते मगनने घरी येऊन त्यांचीच नक्कल करून सांगितले होते, "कोर्स पूरो करजो, अधवच्चे छोडता नहीं." सगळे हसले होते.

दोन महिन्यांत त्याचा खोकला थांबला. भाकरी गोड लागू लागली, विजार कमरेवर राहू लागली. घरात पुन्हा हसण्याचे आवाज आले. मित्रांनो, वाईट दिवसांपेक्षा त्या चांगल्या दिवसांचीच मला आता भीती वाटते, कारण घात तेव्हा झाला.

एका सकाळी मगनने नुकत्याच आणलेल्या महिनाभराच्या गोळ्या माझ्यात ठेवल्या.

"माले आते बरं वाटी राह्यनं. ह्या गोया राहू दे," तो म्हणाला.

"डाक्टरनी पुऱ्या खावाले सांगेल शे ना तुम्हले?" धुरपदाबाईने विचारले.

"धागा तुटना ते गाठ मारतस, मशीन परत चालू व्हस. दवाईनं बी तसंच शे. लागनं ते पुढे चालू करसूत." मग झोपलेल्या गायत्रीकडे बघून तो हळूच म्हणाला, "मना खोकला हिले लागना ते? हिनाकरता राहू दे."

आयुष्यभर तुटलेले धागे जोडणारा माणूस तो! तुटले तिथे गाठ मारायची आणि पुढे विणायचे, एवढेच त्याला ठाऊक होते. औषधाचे तसे नसते हे त्याला कुणी त्याच्या भाषेत समजावून सांगितले नाही. गोळ्या त्याने चिंधीत बांधल्या, गाठ मारली आणि माझ्या तळाशी ठेवल्या. स्वतःच्या तोंडचा घास लेकीसाठी ठेवावा इतक्या मायेने ठेवल्या.

दिवाळीनंतर खोकला परत आला आणि या वेळी तो जाईना. धुरपदाबाईने चमचा घेऊन मला उघडले, पण मगनने तिचा हात धरला.

"त्यास्ले हात नको लाऊ. त्या गायत्रीन्या शेतस."

तो धापा टाकत होता, पण हात सोडत नव्हता. वाल्मिकने त्याला सरकारी दवाखान्यात नेले. तिथून येऊन त्याने सांगितले, की औषध मध्येच सोडल्यामुळे आधीच्या गोळ्या आता मगनला लागू पडत नाहीत. आणि जाता जाता तो हेही म्हणाला, की या गोळ्या तिथे फुकट मिळतात. ते ऐकून धुरपदाबाई भिंतीला टेकून बसली. ज्या गोळ्यांसाठी मगनने जीव पणाला लावला त्या लेकीला कधीही फुकट मिळाल्या असत्या.

मगन दवाखान्यातून परत आला नाही. पुढे वाल्मिक कडोदऱ्याला राहायला गेला. शेजारणी माझ्याकडे येईनाशा झाल्या. कोपरे गंजले, बदके पुसट झाली. मला भंगारात देतील असे वाटले होते. दिले असते तर बरे झाले असते. पण माझ्या तळाशी ती चिंधी होती, म्हणून धुरपदाबाई मला दर सणाला पुसून परत फळीवर ठेवत राहिली.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. खर्चात काटकसर करा, पण औषधात करू नका. बरे वाटले म्हणून ते सोडू नका, आणि एकाचे उरलेले दुसऱ्याला देऊ नका. तुमच्या घरातही माझा एखादा भाऊ फळीवर बसला असेल. त्याला आजच रिकामा करा आणि त्यात खरोखरीची नानखटाई भरा. हे मी तुम्हाला सांगतो आहे, कारण या घरात माझे कुणाला ऐकू येत नाही.

गायत्री आता शाळेत जाते. गेले काही दिवस ती खोकते आहे. आज शेजारीण म्हणाली की पोरीला सरकारी दवाखान्यात ने, तर धुरपदाबाईने नकारार्थी मान हलवली. तिथे नेलेला तिचा माणूस परत आला नव्हता.

"रडू नको, माय," ती आत्ता गायत्रीला म्हणते आहे. "तुना बापनी तुनाकरता दवाई ठेयेल शे."

ती उठली आहे, भांड्यांत चमचा शोधते आहे. मी झाकण जीव खाऊन धरले आहे. पण माझ्या कुठल्या कडेला चमचा लावायचा, ते तिला पाठ आहे.