बुडालेल्या जहाजाची चतुःसीमा

कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी, अकरा मीटर पाण्याखाली, सव्वाशे वर्षांपूर्वी बुडालेली एक आगबोट आहे. ती मी शोधली. भंगारासाठी बुड्या मारणाऱ्यांना सापडायच्या आत ती संरक्षित स्मारक व्हावी, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी पुण्यातल्या पुरातत्त्व कार्यालयात तीन वर्षं चपला झिजवल्या.

"पूर्वेला काय?" बद्रीनाथसाहेबांनी अर्ज पुढ्यात ओढला.

"पाणी."

"पश्चिमेला?"

"पाणीच."

"अहो मॅडम, चतुःसीमेत नुसतं पाणी लिहून कसं चालेल? हद्द नाही तर स्मारक नाही."

फाइल तीनदा परत आली. शेवटी संतापून मी पुन्हा बुडी मारली आणि जहाजाच्या चारही टोकांचे अक्षांश-रेखांश मीटरभराचीही चूक न होऊ देता काढून आणले. साहेब खूश. "बघा, मनावर घेतलं की जमतं!" मला फाइल त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

पण कायद्याचं पोट एवढ्यानं भरत नाही. आधी हरकतींसाठी दोन महिन्यांची नोटीस, तीही जागेजवळ ठळकपणे लावलेली.

"वाचायला मासे येणार का?" मी विचारलं.

"जेट्टीवर लावा. फोटो जोडा," साहेब शांतपणे म्हणाले.

मीच जाऊन लावली. लॅमिनेट करून, अक्षांश-रेखांशांसकट, खाली संपर्कासाठी माझं नाव आणि मोबाइल नंबर.

दीड महिन्यानं बुधवार पेठेतून अय्युबभाईंचा फोन आला. जुन्या पितळी वस्तूंचं त्यांचं दुकान आहे. "ताई, जरा येऊन जाता का?"

गल्ल्यावर हिरवट पडलेली घंटा होती. काठावर माझ्या जहाजाचं नाव, कडीवर घणाचे ताजे घाव.

"दोघं जण घेऊन आले," अय्युबभाई म्हणाले. "मी विचारलं, अस्सल कशावरून? तर पुरावा म्हणून हे काढून दिलं. त्यावर तुमचं नाव दिसलं, म्हणून घंटा ठेवून घेतली."

माझीच नोटीस. चारही कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं.

मी तिथूनच कार्यालयात फोन लावला. "साहेब, जहाज फोडताहेत! आजच्या आज काहीतरी करा."

"मुदत संपायला चौदा दिवस आहेत, मॅडम. त्याआधी मला काही करता येत नाही," साहेब म्हणाले. "पण तुम्ही काळजी करू नका. अजून एकही हरकत आलेली नाही."