न ओढलेली वायर

आमच्या घरामागच्या शेडमध्ये गाडी नव्हती, विमान होतं. दोन माणसांचं, नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं. तो लिफ्टदुरुस्तीतला. जन्मभर लोकांना वर नेलं, तेवढ्याने त्याचं भागलं नाही. मी सोफ्यांना कापड चढवते, म्हणून विमानाच्या खुर्च्या माझ्या गळ्यात पडल्या आणि त्यांच्यामागोमाग वायरीही.

वायरींचं आमचं ठरलेलं होतं. टोकाला तांब्याची लग, म्हणजे जोडणीची टोपी, बसवून ती खास पकडीने त्याने दाबायची, मग मी ओढून बघायची. आपण दाबलेली वायर आपल्याच हाताने जोरात ओढली जात नाही, पोटच्या पोरासारखं होतं. मला तशी माया नव्हती. कापड ताणून ताणून माझे हात घट्ट झालेत, आणि विमानावरचा रागही होताच. सुटायची ती वायर माझ्या हातात सुटायची.

या विमानात सगळं विजेवर. काट्यांच्या घड्याळांऐवजी समोर दोन स्क्रीन, वेग, उंची, दिशा सगळं त्यांवर. इंजिनाची ठिणगीसुद्धा विजेवरच. वीज गेली तर नुसते स्क्रीन काळे होणार नाहीत, इंजिनच बंद पडेल. म्हणून खुर्चीमागे दुसरी बॅटरी ठेवलेली, पहिलीने दगा दिला तर.

मला मात्र एक तरी काट्याचं घड्याळ हवं होतं, वेग दाखवणारं, नुसत्या हवेच्या दाबावर चालणारं. त्याला वाटे, त्याने पॅनेलची शोभा जाते. तुझ्या पॅनेलला काय लग्नात मिरवायचंय, असं मी विचारलं. शब्दाने शब्द वाढला आणि अबोला सुरू झाला. आमच्या अबोल्यात जेवण एकत्र होतं, पण मीठ हवं तर ज्याने त्याने उठून घ्यायचं. शेवटी बबडीने, म्हणजे आमच्या मुलीने, फोनवरून दोघांची खरडपट्टी काढली आणि घड्याळाला कोपऱ्यात जागा मिळाली.

बबडी विमानं चालवण्याची नोकरी करते. पहिलं उड्डाण तीच करणार होती.

त्या सकाळी मैदानावर नातेवाईक जमले होते, तपासनीस सही करून बाजूला उभे होते, नणंद कॅमेरा सरसावून होती. इंजिन सुरू झालं. बबडीने पहिली बॅटरी मुद्दाम बंद केली, दुसरीवर इंजिन चालूच राहिलं, आणि काचेतून तिने अंगठा दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझे हात वर झालेच नाहीत. दुसऱ्या बॅटरीची एकही वायर मी ओढली नव्हती. ते काम अबोल्याच्या दिवसांतलं.

मी नवऱ्याला विचारलं. त्याने ओढून बघितल्याचं सांगितलं, पण विमानाकडे बघत. किती जोरात, असं विचारल्यावर तो रुमालाने हात पुसू लागला.

मी बाजूने, विमानाच्या फिरत्या पंख्यापासून लांब, बबडीला दिसेन अशी गेले आणि गळ्यावरून हात फिरवला. तिने इंजिन बंद केलं. ती वैतागली होती, पण बाजूला सरकली. मी पॅनेलखाली डोकं घातलं आणि दुसऱ्या बॅटरीकडून आलेली एकेक वायर ओढली. सगळ्या पक्क्या. हात दुखेपर्यंत ओढल्या तरी हलल्या नाहीत.

झालं का समाधान वहिनी, असं नणंदेने विचारलं तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं. एवढ्या माणसांसमोर मी पोरीचा मुहूर्त मोडला होता. बबडी पुन्हा पट्टा बांधू लागली.

तेव्हा नवरा पुढे आला.

"थांब," तो म्हणाला. "दुसरं टोक राहिलंय. बॅटरीकडचं."

मी शिवलेलं खुर्चीमागचं कापड त्याने स्वतः सोडवलं आणि जाड काळी वायर दाखवली. मी ती धरली. ओढायची वेळच आली नाही. लग बॅटरीवर राहिली आणि वायर माझ्या हातात आली. मघाशी ती नुसती टेकून होती, म्हणून इंजिन चाललं.

बबडी त्या उघड्या टोकाकडे बघत राहिली.

"जाड वायरीची लग दाबायची मोठी पक्कड तुझ्या खणात होती," तो मला म्हणाला. "तेव्हा मागायची नव्हती मला. साध्या पकडीने दाबली. नंतर नीट करीन म्हटलं आणि विसरलो."

"आठवलं कधी, बाबा?" बबडीने विचारलं.

त्याने खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं. मी ते मानून घेतलं असतं.

"पहाटे," तो म्हणाला. "एवढी माणसं बोलावली होती. वाटलं, आजचा दिवस टिकेल."

मी वायर टाकली आणि तोंड फिरवून चालू लागले. आमच्याकडे अबोला असाच सुरू होतो. मग बबडीने पट्टा सोडताना त्याची कडी वाजली आणि माझे पाय अडले. त्याच पट्ट्यात ती वर जाणार होती. मी मागे फिरले आणि तपासनीस, नणंद, कुणाचीही भीडभाड न ठेवता तोंडाला येईल ते त्याला बोलले. इतक्या वर्षांत बोलले नव्हते ते सगळं बोलले. नणंदेने कॅमेरा खाली केला. तो मान खाली घालून उभा होता.

मला धाप लागली तेव्हा मी थांबले.

"अजून बोल," तो म्हणाला.