उतारावरची फियाट

मंचरला हायवे सोडून वर जाणाऱ्या चढावर हौशीरामचं दुकान होतं. पाटीवर ‘जुन्या नामांकित मोटारींची विक्री व दुरुस्ती’ असं ठसठशीत लिहिलेलं आणि आत विकायला मोटार एकच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

ती म्हणजे चौऱ्याहत्तर सालची क्रीम रंगाची फियाट. तिचा सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला जागं करणारा भाग, म्हातारपणाने गेला होता. चालणारा सेल्फ कपाटात पडून होता, पण दुसऱ्या गाडीचा पार्ट हिला लावणं म्हणजे धर्म बुडवणं, असं हौशीरामचं मत. मूळचा नट न् नट जपणारा अख्ख्या आंबेगाव तालुक्यात तोच एक शहाणा. बाकीचे वेडे गाड्या विकून मोकळे होत. म्हणून तो फियाट उताराकडे तोंड करून उभी ठेवी. गिऱ्हाईक बसलं की ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा; कधी इंजिन लागे, कधी नाही. “जुन्या गाडीला आधी चार पावलं चालवावं लागतं,” असं तो गंभीरपणे सांगे. गिऱ्हाईकही तितक्याच गंभीरपणे “इचार करतो” म्हणून जाई.

अशी तीन वर्षं गेली. नव्व्याण्णवच्या दसऱ्याआधी बायकोने, लंकाबाईने, सांगून टाकलं, “ह्या दसऱ्याला गाडी गेली न्हाई तर दुकान बंद. माझ्या भावाच्या आडतीवर कांद्याच्या गोण्या शिवायला जायचं.” गोण्यांचं हौशीरामला काही नव्हतं. मेव्हण्याला ‘शेठ’ म्हणावं लागेल, या विचाराने त्याचं जेवण सुटलं.

दसऱ्याला निरगुडसरच्या बागाईतदार प्रयागबाई मुलाला, रामदासला, घेऊन आल्या. गाडी पसंत पडली.

“आधी पूजा. पर तोंड उगवतीला करा.”

उगवतीला चढ होता. हौशीराम घाईघाईने म्हणाला, “मावशी, मावळतीला बी चालतंय की.”

“मावळतीला तोंड करून कुणी शुभकाम करतं व्हय?”

रामदासने चार जण गोळा करून गाडी फिरवलीसुद्धा. झेंडूचा हार झाला, नारळ फुटला, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली गेली. हौशीरामने चावी फिरवली. टक. पुन्हा टक. सवयीने त्याने ब्रेक सोडला आणि फियाट उलटी हायवेकडे निघाली. लंकाबाईने धावत जाऊन चाकामागे दगड घातला म्हणून थांबली. लिंबं मात्र जागच्या जागी शाबूत.

हौशीराम उतरला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. “मावशी, हिचा सेल्फ गेलाय. तीन वर्सं झाली. मी उतारावर लोकांना बनवीत व्हतो.”

“दुसरा मिळत न्हाई?”

“हाये की. कपाटात.”

“मंग?”

“त्यो हिचा न्हाई ना, मावशी.”

“माझी बत्तिशी तरी कुठं माझी हाये? भाकर खातीच ना मी! बसव त्यो.”

हौशीराम पान्हा घेऊन गाडीखाली शिरला. मूळचा सेल्फ काढताना त्याचे डोळे भरून आले; बरं की वर कुणाला दिसत नव्हतं. मग बाहेर येऊन चावी फिरवली. एका फटक्यात इंजिन लागलं. पैसे मोजून रामदास चाकावर बसला, लिंबं फटाफट चिरडली आणि प्रयागबाई चढावरून गेल्या, मागे वळूनही न बघता.

दुकान वाचलं. हौशीराम हसत बायकोकडे वळला. ती काही हसत नव्हती.

“किती येळ लागला?”

“ईस मिन्टं.”

“आन् खाली जाऊन बी चालू झाली न्हाई, तवा तीन वर्सं तिला परत वर कोण ढकलीत व्हतं?”