डाव्या दिव्यावरची तारीख

मी एक जुनी स्पोर्ट्स कार बोलतेय. दोन दारं, दोनच सीट, आणि अंग जमिनीला इतकं टेकलेलं की चाळिशी उलटलेल्या माणसाला माझ्यात बसताना एकदा आणि उतरताना दोनदा देव आठवतो. कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. आता जुन्या विटेसारखी दिसते. वय एकोणीस. माणसांत ते कोवळं वय, गाड्यांत मात्र म्हातारपण.

माझा पहिला मालक तरुण होता. त्यानं मला आठ वर्षं पळवलं. मग घरात बाळ आलं, दोन सीटमध्ये तिघं मावेनात, आणि त्यानं मला विकलं. जाताना त्यानं माझ्या टपावर दोनदा थाप मारली. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. बाळापुढे गाडी कोण बघतो?

मला घेतलं चष्मेवाल्यांनी. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांच्या पत्नी शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, आणि घरात चष्मेवालेही बाईच म्हणायचे. मी दारात उभी राहिले तेव्हा बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पन्नाशीला आलात. आत्ता मिसरूड फुटलं का?"

"एकदा बसून तर बघ."

बाई नाक मुरडत बसल्या. आम्ही टेकडीच्या वळणावळणाच्या रस्त्यानं वर गेलो आणि खाली आलो. साऱ्या वाटेत बाई एक शब्द बोलल्या नाहीत. फाटकाशी उतरताना म्हणाल्या, "उद्या शाळा सुटल्यावर पुन्हा जाऊ."

नऊ वर्षं मी त्या घरी सुखात होते. चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ फडक्यानं चष्मेवाले दर रविवारी माझे दिवे पुसायचे. बाई बाजूला बसून वह्या तपासायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या चष्म्याकडे कधी इतकं लक्ष दिलं नाहीत." ते हसायचे आणि फडकं घेऊन त्यांचा चष्मा मागायचे.

मग ती दुपार आली. मे महिना होता. चष्मेवाले एकटेच होते, शेजारच्या गावाहून काचांचं खोकं घेऊन परतत होते. रस्ता सरळ आणि रिकामा. पाण्याच्या टाकीशी पोचलो आणि गिअरवरचा त्यांचा हात हळूच घसरून मांडीवर पडला. पाय पेडलवरून सुटला. मान छातीवर आली. माझा वेग कमी होत होता, पण मी वाट सोडली होती. टाकीच्या दगडी कठड्यावर माझं डावं अंग आपटलं. दिवा फुटला, बंपर आत गेला, रेडिएटरमधून वाफ यायला लागली.

ते थोड्याच वेळात शुद्धीवर आले. कपाळाला टेंगूळ आलं होतं. दोन वाटसरू धावत आले तेव्हा ते म्हणाले, "कुत्रं आडवं आलं हो."

कुत्रं नव्हतं. तिथं मी आणि ते, दोघंच होतो.

त्यांनी मला ओळखीच्या गॅरेजात नेलंच नाही. दूरच्या एका गॅरेजात चार दिवस ठेवलं. वेल्डिंग झालं, रंग झाला, नवा दिवा आला. घरी त्यांनी सांगितलं की क्लच बदलायला दिलाय. आणि कपाळाचं? "दुकानाचं शटर लागलं." बाईंनी बर्फ लावला आणि शटरवाल्याला दोन शब्द सुनावले. मी परत आले तेव्हा बाई फाटकातच उभ्या होत्या. चष्मेवाल्यांनी माझं तोंड भिंतीकडे करून मला लावलं.

त्यानंतर ते मला जपून चालवायचे. फार जपून. बाई बरोबर असल्या की टेकडीकडे तर जायचंच नाही म्हणायचे.

आठ महिन्यांनी, दुकानात काच घासता घासता, ते खाली बसले ते उठलेच नाहीत.

भेटायला येणारी माणसं माझ्या शेजारच्या ओट्यावर बसायची, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं. हृदयाचे ठोके मधेच चुकायचे, असा तो आजार होता. डॉक्टरांनी बाईंना विचारलं होतं, "याआधी कधी चक्कर आली होती? शुद्ध हरपली होती?" बाई म्हणाल्या होत्या, "कधीच नाही." डॉक्टर म्हणाले, "मग तुम्ही तरी काय करणार? एखादी खूण मिळाली असती तर छातीत छोटं मशीन बसवता आलं असतं."

बाई प्रत्येकाला तेच सांगायच्या. "एकही खूण नव्हती हो. असती तर मी गप्प बसले असते का?" त्या वाक्याचा त्यांनी आधार धरला होता. बुडत्याला काडीचा असतो तसा. मी दोन हात अंतरावर उभी होते, आणि मला वाचा नव्हती.

दीड वर्ष मी आवरणाखाली राहिले. टायर बसले, काचांच्या रबराला भेगा पडल्या. शेवटी बाईंनी टायरांत हवा भरून, नवी बॅटरी घालून मला विकायला काढलं. जुनी होते, म्हणून स्वस्तातच. फोनवर त्या चौकश्यांना उत्तर द्यायच्या, "अपघात? नाही. अजिबात नाही. गणिताच्या बाईचा शब्द आहे."

एका शनिवारी दुपारी एक बस ड्रायव्हर आले. बरोबर त्यांची बायको आणि ओळखीचा एक मिस्त्री. ड्रायव्हर माझ्याभोवती फिरले, खाली वाकले, आणि माझ्या दाराच्या कडीला त्यांनी असा हात लावला की मला वाटलं, आता आपले दिवस फिरले.

"सव्वीस वर्षं बस चालवतोय, ताई," ते बाईंना म्हणाले. "सतत पाठीमागे साठ माणसं. कुणाला खिडकी हवी, कुणाला सुटे पैसे. मला मागे कुणीच नको, अशी गाडी हवी होती."

"दोनच सीट आहेत," त्यांची बायको म्हणाली. "माझी आई आली तर कुठं बसणार?"

"तीच तर सोय आहे गं."

बाई हसल्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना ऐकलं. ड्रायव्हरांनी मला आळीतून एक चक्कर मारून आणलं. काय हात होता त्यांचा! माझ्या थकल्या इंजिनालाही तरणेपण आल्यासारखं झालं. परत आल्यावर ते म्हणाले, "डावीकडे जरा ओढते. बाकी सोनं आहे."

मग मिस्त्री चटई टाकून माझ्याखाली शिरला. तिथूनच तो म्हणाला, "ठोकलेली आहे."

"शक्य नाही," बाई म्हणाल्या.

तो बाहेर आला आणि त्यानं बॉनेट उघडलं. "हे बघा, वेल्डिंग. काम चोख केलंय, पण केलंय. आणि हा डावा दिवा नवा आहे. उजवा पिवळा पडलाय, हा नाही. खाली बनवल्याची तारीख असते बघा."

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि वाकून तारीख वाचली. महिना आणि साल. त्या सरळ झाल्या नाहीत. ओठ हलत होते. आयुष्यभर मुलांना पायऱ्या मांडून गणित सोडवायला लावणाऱ्या बाई, एकेक पायरी मांडत होत्या. ही तारीख मार्चची. त्यानंतरच्या मे महिन्यात गाडी चार दिवस क्लचसाठी. त्याच आठवड्यात कपाळाला शटर.

"शटर नव्हतं ते," बाई हळूच म्हणाल्या.

मग ओट्यावर बसून त्यांनी त्या तिघांना, परक्या माणसांना, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं होतं, आणि आपण काय उत्तर दिलं होतं तेही. शेवटी त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "कुठे झालं होतं गं? तुला तरी ठाऊक असेल." मला टाकी ठाऊक होती, कठडा ठाऊक होता. मी काय सांगणार?

"पण माझ्यापासून का लपवलं असेल?"

"गाडी सुटेल म्हणून," ड्रायव्हर म्हणाले. फार पटकन म्हणाले. "एकदा चक्कर आली म्हटलं की पहिल्यांदा किल्ली काढून घेतात, ताई. मग माणूस उरतो कशाला?"

त्यांच्या बायकोनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"गेल्या महिन्यात तुम्ही डेपोच्या पायरीवर बसला होतात," ती म्हणाली. "मला घ्यायला बोलावलंत. ऊन लागलं म्हणालात."

"ऊनच होतं."

"त्या दिवशी ढग होते. मी वाळत घातलेले कपडे आत घेऊन आले होते."

मिस्त्री हात पुसत राहिला. ड्रायव्हरांनी मूठ उघडून माझ्या किल्लीकडे पाहिलं. मी त्यांना हवी होते. खोट निघाल्यामुळे आणखी स्वस्तात मिळाले असते. त्यांनी किल्ली ओट्यावर, बाईंच्या शेजारी ठेवली.

"नको, ताई," ते म्हणाले. "नाही जमायचं."

बाईंनी वहीचा कागद फाडून त्यावर डॉक्टरांचं नाव लिहिलं, आणि तो ड्रायव्हरांना न देता त्यांच्या बायकोच्या हातात दिला.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. बाई माझ्याजवळच उभ्या होत्या. "बसवलं का मशीन? बरं झालं... बस नाही चालवता येणार म्हणाले? गप्प असतात का ते?... राहू दे. त्यांना गप्प बसू दे. घरात आहेत ना?"

आता माझ्याकडे कुणी येत नाही. फोन आला की बाई पहिल्याच वाक्यात सांगतात, "गाडीला अपघात झालाय." समोरचा फोन ठेवतो. शेवटी तोच मिस्त्री मला सुट्या भागांसाठी नेणार आहे. उद्या सकाळी. इंजिन एकीकडे जाईल, दारं दुसरीकडे.

जाता जाता एवढंच मागते. जुनी गाडी घ्यायला जाल तर दिवे बघा, तळ बघा, सोबत जाणतं माणूस न्या. आमचं दुखणं आम्हाला सांगता येत नाही, ते शोधावंच लागतं. तुम्हाला देवानं तोंड दिलंय. डोळ्यांपुढे क्षणभर अंधार आला, तर घरी जाऊन तेवढं सांगा.

आज संध्याकाळी बाई येऊन माझ्यात बसल्या. ड्रायव्हरच्या जागेवर नाही, नेहमीच्या आपल्या जागेवर. पट्टा लावला. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाल्या, "मी रागावले असते, बरं का. खूप रागावले असते. आणि मग तुम्हाला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं असतं."